वयाची नोंद आणि जिवाचा न्याय
(उपदेशक व मंडळीतील अभ्यासवर्ग यांच्याकरिता पाठ)

पाठाचा हेतू : घोर अपराध एखाद्या मुलाच्या हातून घडला, तर कायदा त्याचा न्याय कसा करितो, व त्या न्यायात वयाच्या साध्या नोंदीस केवढे मोल असते, हे समजून घेणे, आणि आपल्या गावातील लेकरांच्या नोंदी आजच नीट करून घेणे.

वाचकहो, खुनाची बातमी गावात आली म्हणजे चावडीवर आणि पाणवठ्यावर दोनच प्रश्न विचारिले जातात : कोणी केला, आणि त्याला फाशी केव्हा होणार? मारेकऱ्याचे वय काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात एक खटला असा होऊन गेला की, ज्यात हा तिसरा प्रश्न पंचवीस वर्षे नीट विचारिला गेला नाही, आणि तो न विचारिल्यामुळे एक माणूस फाशीच्या छायेत जगत राहिला. तो खटला आज आपण अभ्यासू. मात्र आरंभीच एक गोष्ट मनात धरावी : ज्यांचे प्राण गेले त्यांचे दुःख लहान करण्यासाठी हा पाठ लिहिलेला नाही. निरपराध मनुष्याच्या रक्ताचे मोल मारेकऱ्याच्या वयाने कमी होत नाही.

१. काय घडले

पुणे शहराच्या पश्चिमेस पौड रस्त्याच्या बाजूस तेव्हा नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. अशाच एका वसाहतीत राठी नावाच्या व्यापारी कुटुंबाचे घर होते. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या घरात सात जणांची हत्या झाली. मेलेल्यांत पाच स्त्रिया होत्या व दोन लेकरे होती. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. चोरीच्या लोभाने हे कृत्य झाले, असे पुढे न्यायालयात शाबीत झाले. कुलूप तोडून आलेल्या परक्या टोळीचे हे काम नव्हते. त्या कुटुंबाच्या दुकानात चाकरीच्या निमित्ताने ज्यांची ओळख झाली होती, अशांचा त्यात हात होता. म्हणूनच शहरभर भय पसरले. दाराशी ओळखीचा चेहरा दिसला म्हणजे आपण दार उघडितो. त्या ओळखीचाच घात झाला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विश्वास ठेवावा कोणावर?

तिघांना अटक झाली. तिघेही राजस्थानाकडचे. त्यांपैकी एक जण पुढे माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे आपल्या अपराधाची सर्व हकीकत खरेपणाने सांगण्याच्या अटीवर त्याला न्यायालयाने क्षमा दिली, आणि त्याची साक्ष इतर दोघांविरुद्ध घेण्यात आली. त्या दोघांपैकी एकाचे नाव आम्ही येथे देत नाही. अपराधात सापडलेल्या बालकाचे नाव छापू नये, असा आपल्या देशाचा कायदा आहे. तो बालक होता की नव्हता, हाच तर ह्या पाठाचा विषय आहे.

२. खटल्याच्या पायऱ्या

फाशीचा खटला किती दारांतून जातो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्या पायऱ्या येथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी सत्र न्यायालयाची. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी १९९८ मध्ये दोघांस दोषी ठरवून देहान्ताची शिक्षा सांगितली.

दुसरी पायरी उच्च न्यायालयाची. सत्र न्यायाधीशाने फाशी सांगितली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्यावाचून अंमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी कागद तिकडे पाठवावेच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये शिक्षा कायम केली.

तिसरी पायरी सर्वोच्च न्यायालयाची. तेथील अपील सप्टेंबर २००० मध्ये फेटाळले गेले. त्याच वर्षी फेरविचाराचा अर्जही नामंजूर झाला.

चौथी पायरी दयेच्या अर्जाची. भारताच्या संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतींस शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे. दोघांपैकी एकाची फाशी अशा रीतीने २०१६ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली. दुसरा मात्र तुरुंगात फाशीचा कैदी म्हणूनच राहिला.

आता पाहा, ह्या पायऱ्यांवर आरोपीचे वय कागदोपत्री वीस-बावीस वर्षांचे असे धरून सर्व विचार झाला. तरुण वय एवढेच कारण दयेस पुरेसे नाही, असे ठरले. कागदावरचा आकडा खरा मानला, तर त्या विचारात गैर काही नव्हते. पण तो आकडा आला कोठून? अटकेच्या वेळी जे लिहिले गेले तेच कागदामागून कागदावर उतरत गेले. जन्माचा किंवा शाळेचा दाखला कोणी मागविला नाही. आरोपी गरीब, परप्रांतीय, जेमतेम दोन-तीन इयत्ता शिकलेला. ज्या मुलखात खटला चालला तेथील भाषा त्याची नव्हती. आपले वय सांगण्याने काय फरक पडतो, हे त्याला कोण सांगणार?

३. एक जुने हजेरीपुस्तक

बिकानेर जिल्ह्यातील एका खेड्यात सरकारी शाळा आहे. तिच्या दप्तरात एका विद्यार्थ्याच्या नावापुढे जन्मतारीख लिहिलेली होती : १ फेब्रुवारी १९८२. हा विद्यार्थी म्हणजेच पुण्याच्या खटल्यातील तो फाशीचा कैदी, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा : फेब्रुवारी १९८२ पासून ऑगस्ट १९९४ पर्यंत साडेबारा वर्षे होतात.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांस चौकशी करण्यास सांगितले. चौकशीत एक मोठी अडचण उभी राहिली. शाळेच्या दप्तरातील नाव व खटल्यातील नाव अक्षरशः एक नव्हते. दोन नावे मिळतीजुळती होती, पण निराळी. ती एकाच माणसाची आहेत, हे पुराव्याने दाखवावे लागले. जिल्हा न्यायाधीशांनी अहवाल दिला की, गुन्ह्याच्या वेळी हा मनुष्य बालक होता. सरकारपक्षाने ह्यास विरोध केला. अखेर २७ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस व हृषीकेश रॉय ह्यांच्या पीठाने तो अहवाल मान्य केला, आणि त्याला सोडून देण्याचा हुकूम केला. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ कैदेत होता.

येथे एक भेद स्पष्ट समजून घ्यावा, नाहीतर वर्गात वाद माजेल. न्यायालयाने तो निर्दोष आहे असे म्हटले नाही. त्याच्या वयाच्या मुलाला कायद्याप्रमाणे फाशी देता येत नव्हती, आणि देता येण्याजोग्या शिक्षेहून कितीतरी पट अधिक काळ त्याने भोगला आहे, एवढेच न्यायालयाने सांगितले. बालकास जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. त्याने २८ वर्षे भोगली. जे शाबीत झाले होते ते पुसले गेले नाही. शिक्षा मात्र टिकली नाही.

४. कायदा मुलाला वेगळे का मानतो

कोणी म्हणेल, सात जीव घेणाऱ्याला वय कसले विचारता? हा प्रश्न रागाने विचारिलेला असला तरी त्याचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे.

मुलाला कमी समजते, एवढेच कारण नव्हे. बारा वर्षांच्या मुलाला जीव घेणे वाईट हे कळते. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य मुळी अपराधच धरला जात नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, केलेल्या कृत्याचे परिणाम जाणण्याइतकी पक्वता त्याला होती काय, हे पाहतात. हा नियम १८६० च्या दंडसंहितेत होता व जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो तसाच आहे. साडेबारा वर्षांचा मुलगा ह्या मर्यादेच्या किंचित पलीकडचा होता. तो जबाबदार होताच. पण थोरांच्या सांगण्याने वाहवत जाणे, पुढचे न दिसणे, घाबरून अधिक घोर कृत्य करणे, हे कोवळ्या वयाचे दोष आहेत. आणि जे मन अजून घडत आहे, ते सुधारण्याची आशाही अधिक असते. ह्या दोन कारणांसाठी मुलाचा न्याय निराळ्या जागी व निराळ्या रीतीने करावा, असे जगातील बहुतेक देशांनी ठरविले आहे.

आपल्या प्रांतात ही कल्पना नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच मुलांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला होता. पुढे १९८६ चा बाल न्याय कायदा सर्व देशासाठी आला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरा वर्षांपर्यंत बालक धरली जाई. राठी कुटुंबावर तो घाला आला तेव्हा हाच कायदा चालू होता. म्हणजे साडेबारा वर्षांचा आरोपी तेव्हाच्या कायद्यानेही बालक होता. त्याच्यासाठी मागाहून नवी सवलत काढली, असे मुळीच नव्हे. २००० च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांसही अठरा वर्षांची मर्यादा दिली. २००६ च्या दुरुस्तीने असे स्पष्ट केले की, आपण गुन्ह्याच्या वेळी बालक होतो, हे म्हणणे कोणत्याही न्यायालयापुढे व कोणत्याही वेळी, शेवटचा निकाल लागल्यावरही, मांडता येते. हेच कलम २०१५ च्या कायद्यातही ठेवले आहे, आणि ह्याच दारातून तो कैदी बाहेर आला.

२०१५ च्या कायद्याने एक मोठा फरक केला. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यातील एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता; त्यावरून देशभर प्रक्षोभ झाला. आता सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा घोर अपराध केला, तर बाल न्याय मंडळ त्याच्या मनाची व समजुतीची प्राथमिक परीक्षा करिते, आणि त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा काय, ह्याचा निर्णय होतो. तरीही फाशी, किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप, अठरा वर्षांखालील कोणासही देता येत नाही. सोळा वर्षांच्या आतील मुलाचा खटला तर प्रौढाप्रमाणे चालतच नाही.

जुन्या करारातील शरणपुरांची व्यवस्था आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. सूड घेणाऱ्याच्या हाती मारेकऱ्याला देण्यापूर्वी त्याची मंडळीपुढे चौकशी व्हावी, त्याने हेतूने मारिले की चुकून, हे आधी पाहावे, म्हणून ती सहा नगरे नेमिली होती. चौकशी आधी व शिक्षा मागाहून, हा क्रम उलटला म्हणजे न्यायाचा सूड होतो. वयाची चौकशी हा त्याच क्रमाचा भाग होय.

५. श्रीमंताचे वय व गरिबाचे वय

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप एका सतरा वर्षांच्या मुलावर आला. त्याच दिवशी त्याला बाल न्याय मंडळापुढे नेण्यात आले व जामीनही मिळाला. त्या जामिनाच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा, अशीही एक अट होती. त्यावरून लोक संतापले. त्या प्रकरणाचा गुणदोष आपण येथे तोलीत नाही. एवढेच पाहू की, त्या मुलाचे वय काय, हा प्रश्न काही तासांत विचारिला गेला व त्याचे उत्तरही मिळाले, कारण त्याचे कागद घरात होते व कागद जाणणारी माणसे भोवती होती. बिकानेरकडच्या मुलाच्या वयाचे उत्तर मिळण्यास पाव शतक लागले. कायदा दोघांसाठी एकच. फरक कागदाचा, आणि कागद हाती घेऊन उभे राहणाऱ्या माणसाचा.

६. आपल्या गावचा प्रश्न

बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस पिकतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटली म्हणजे बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे कोयता घेऊन फडात उतरते, आणि लेकरे कोपीजवळ राहतात. त्यांपैकी कित्येकांचा जन्मही अशाच कोपीत झालेला असतो. जन्म झाला माळेगावच्या शिवारात, आईबापांचे गाव राहिले दूर, आणि नोंद दोन्हीकडे नाही! शाळेत घालावयाच्या दिवशी गुरुजी विचारतात, जन्म केव्हाचा? आई सांगते, दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या सुमारास. गुरुजी एक तारीख लिहितात. कित्येकदा ती १ जून असते.

असेच एखादे मूल दहा-बारा वर्षांचे झाले की शहरात हॉटेलात नाहीतर दुकानात कामाला लागते. मालक वय अठरा सांगावयास शिकवितो, कारण चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर अपराध आहे. मुलगा सर्वत्र अठरा सांगू लागतो. मग एके दिवशी तो पोलीस ठाण्यात उभा राहतो. कदाचित त्याने अपराध केला असेल, कदाचित नसेल, कदाचित थोरांनी त्याला पुढे केले असेल. तेथेही तो सवयीने अठराच सांगतो. पुढचे सर्व कागद त्या एका शब्दावर उभे राहतात. आपल्या मंडळीतील किती लेकरे अशा वाटेवर आहेत, हे प्रत्येक उपदेशकाने मोजून पाहावे.

७. उपदेशकांनी काय करावे

पहिली गोष्ट, जन्माची नोंद. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म एकवीस दिवसांच्या आत नोंदवावा. जन्म ज्या गावच्या हद्दीत झाला त्याच गावच्या ग्रामपंचायतीत नोंद होते, आईबापांच्या मूळ गावी नव्हे. हे ऊसतोडीच्या कुटुंबांस आवर्जून सांगावे. मुलाचे नाव ठेविलेले नसले तरी नोंद होते. नाव मागाहून घालता येते. उशीर झाला तरी नोंद बंद होत नाही. मात्र वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांस तर शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

दुसरी गोष्ट, शाळेचा दाखला. वय ठरविताना कायदा प्रथम शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला पाहतो; तो नसेल तर ग्रामपंचायतीचा अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला; आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हाडांवरून वय ठरविण्यात दोन वर्षांपर्यंतची चूक दोन्ही बाजूंस होऊ शकते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. सोळा-सतराच्या मुलाच्या बाबतीत दोन वर्षांची चूक म्हणजे सारा जन्म. आधार कार्डावरील तारीख हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले आहे. म्हणून मूल तिसरीतून शाळा सोडीत असले तरी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन पेटीत ठेवावा. त्या खेड्यातील मुलगाही तिसरीच्या पुढे गेला नाही. पण त्याच्या शाळेने दप्तर जपले.

तिसरी गोष्ट, नाव. आपल्या लोकांत हा घोटाळा विशेष आहे. घरी एक नाव, शाळेत दुसरे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिसरे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीस मंडळीत मान आहे, पण वर सांगितलेल्या पुराव्यांच्या यादीत ती नाही. नवे नाव घ्यावयाचे असल्यास ते राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागदांवर सारखे करून घ्यावे. नाहीतर नोंदवहीत जुने नाव नव्याशेजारी स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे दोन नावांचे एकच मूल आहे, असे दाखविण्यास उद्या साक्ष राहील.

चौथी गोष्ट, संकटाच्या वेळची. मंडळीतील किंवा शेजारच्या कोणाचे मूल पकडले गेले, तर पहिला कागद वयाचा न्यावा. बालकास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेविता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. वकील लावण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे फुकट वकील मिळतो. मुले, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कैदेतील माणसे ह्यांस तो हक्क आहे. आणि ज्या घरचे माणूस मारले गेले, त्या घरीही त्याच दिवशी जावे. मुलासाठी धावणारा व मृताच्या घरी न फिरकणारा मनुष्य न्यायाचा अर्धाच भाग जाणतो.

विचारासाठी प्रश्न

१. अपराध शाबीत राहिला पण फाशी टिकली नाही, ह्यातील भेद आपल्या शब्दांत सांगा.
२. ज्या कुटुंबाने सात माणसे गमावली, त्याच्या दृष्टीने २०२३ चा निकाल कसा दिसेल? त्यांना आपण काय सांगू शकतो, आणि काय सांगू शकत नाही?
३. त्या मुलाचे खरे वय कोणकोणत्या टप्प्यांवर विचारिता आले असते? प्रत्येक टप्प्यावर ते काम कोणाचे होते?
४. आपल्या मंडळीत अठरा वर्षांखालील मुले किती? त्यांपैकी जन्माचा दाखला किती जणांकडे आहे? किती जणांची शाळेतील व घरची नावे जुळत नाहीत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊ नये. पुढील सभेस येताना प्रत्येक घरची यादी करून आणावी, आणि ज्या मुलांचे दाखले नाहीत त्यांच्या आईबापांस घेऊन त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची पायरी चढावी.